फाटकाची करकर परत मिळणेबाबत

प्रति,
मा. घरदेखभाल मार्गदर्शन अधिकारी,
नागरी सुविधा कार्यालय,
पहिला मजला, झेरॉक्सच्या शेजारची खोली.

विषय : राहत्या घराच्या फाटकाचा, तेल दिल्यामुळे बंद पडलेला आवाज पूर्ववत करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाने घरोघरी वाटलेली पुस्तिका 'आपले घर, आपली निगा', प्रकरण 'बिजागऱ्या, कड्या व इतर हलणारे भाग'.

महोदय,

उपरोक्त विषयी सविनय कळवण्यात येते की, अर्जदाराचे वडील सापडले आहेत. ते सुखरूप असून त्यांनी चहाही घेतला आहे.

वरील दोन वाक्ये आपण वाचलेली नाहीत असे समजावे. कारण असे की, आपल्या कार्यालयातील खिडकीवरच्या बाईंना मी तोंडी हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "सापडले ना वडील? मग आता अर्ज कसला? सापडलेल्या माणसाचा कागद थेट निकाली निघतो, साहेबांपर्यंत पोचतच नाही." सबब, या अर्जापुरते वडील सापडलेले नाहीत. सरकारदरबारी खोटे लिहायला नको म्हणून सुरुवातीला एकदा खरे लिहून टाकले आहे. आता आपण मोकळे आणि मीही मोकळा.

१. अर्जदार आईवडिलांसह बैठ्या घरात राहतो. घरापुढे हातभर अंगण, अंगणाला लोखंडी फाटक आणि फाटकापुढे रस्ता. अर्जदार सध्या नोकरीच्या शोधात असून शोध घरातूनच चालू आहे. वडील कारखान्यात फिटर होते. आता निवृत्त आहेत. अलीकडे त्यांना विसर पडतो. सुरुवातीला चष्मा विसरायचे, मग चष्मा कशाला लागतो ते विसरायचे. हल्ली मला पाहून ते अतिशय अदबीने "बसा" म्हणतात. मी बसतो. आई घरी शिवणाची किरकोळ कामे घेते. लोकांच्या पँटच्या चेनी बदलणे, बाह्या आखूड करणे वगैरे. आईचे डोळे सुईवर असतात. त्यामुळे वडिलांवर लक्ष ठेवण्याचे काम तिने कानांकडे दिले होते. वडिलांना हल्ली अधूनमधून कामावर जायची घाई होते आणि ते निघतात. फाटक करकरले की आई हातातले टाकून बाहेर जायची आणि म्हणायची, "अहो, आज सुट्टी आहे." वडील म्हणायचे, "असं होय," आणि परत यायचे. ही व्यवस्था बिनबोभाट चालू होती. बिनबोभाट हा शब्द येथे चुकीचा आहे, कारण सगळी व्यवस्था बोभाट्यावरच उभी होती.

२. सदर करकरीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तो आवाज साधा नव्हता. आधी बारीक कुरकुर, मग एक लांब कर्रर्र आणि शेवटी कोणीतरी नाक शिंकरावे तसा झटका. वडील स्वतः फिटर असून त्यांनी आयुष्यभर घरातल्या प्रत्येक हलणाऱ्या वस्तूला वेळच्या वेळी तेल दिले. दारे, खिडक्या, आईचे मशीन, पंखा, इतकेच काय, माझी तीनचाकी सायकलही. फक्त फाटकाला कधी दिले नाही. आमच्या घरचा तो नियमच होता आणि त्याचे कारण मी कधी विचारले नाही. नंतर आईकडून कळले. वडील पाळीवरून परत आले की फाटक वाजायचे आणि ते ऐकून आई चहाचे आधण ठेवायची. वडील हातपाय धुऊन येईपर्यंत कप तयार. "एकदा ह्यांनी चुकून तेल घातलं होतं," आई म्हणाली, "तर चहाला उशीर झाला. त्यावरून केवढी कटकट! तेव्हापासून नाही घातलं." पूर्वी त्या आवाजाने वडील आल्याचे कळायचे, हल्ली गेल्याचे कळत असे. फाटकाने तक्रार न करता दोन्ही कामे केली. म्हणजे तक्रार करतच केली.

३. अशा परिस्थितीत आपली पुस्तिका घरात आली. तिच्यात आपण लिहिले आहे : 'घर आपल्याशी बोलत असते. ते कुरकुरले, की समजावे, ते मदत मागत आहे.' हे वाक्य वाचून अर्जदाराला गहिवरून आले. एरवी मी असली पुस्तके वाचत नाही. परंतु त्याच आठवड्यात ताईने (अर्जदाराची थोरली बहीण, लग्न होऊन परगावी) फोनवरून माझी हजेरी घेतली होती. "दिवसभर घरात लोळतोस, निदान दोन खिळे तरी ठोक. आईनं एकटीनं काय काय बघायचं?" मी म्हटले, "बघ तू आता." महोदय, ज्या माणसाने कधीच काही केलेले नाही त्याने एकदम सगळे करायला घेतले, की काय होते, याबद्दल पुस्तिकेत एक ओळ हवी होती. ती नाही.

४. मी नळांचे वॉशर बदलले. गच्चीवरची पन्हाळ साफ केली. बाथरूमची फरशी ब्रशने घासली. दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्या पुसून तेल दिले. आणि शेवटी, हात तेलकट होतेच, बाटलीत तेल उरले होतेच, तर फाटकही उरकून टाकले. गंज पॉलिश पेपरने काढला, तेल सोडले, फाटक पुढेमागे हलवून मुरवले. ते लोण्यासारखे फिरू लागले. एका बोटाने ढकलले तरी शेवटपर्यंत जायचे. मी किती वेळ तेच करत उभा होतो. आवाज काढायचा प्रयत्न करून पाहिला, निघेना. मला अत्यंत समाधान वाटले. हे समाधान आता कोणाला परत करायचे, ते कृपया कळवावे. आई त्या वेळी आत मशीनवर होती. तिला सांगायचे राहून गेले. खरे म्हणजे राहून गेले नाही. तिने स्वतः उघडून पाहावे आणि चकित व्हावे, असा माझा बेत होता.

५. दुसऱ्याच दिवशी दुपारी वडील कामावर गेले. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला आतून घासत होतो आणि टाकीत गाणे चांगले घुमते म्हणून गात होतो. आई मशीनवर एका जाड पँटची चेन बसवत होती. तिचे डोळे चेनीवर होते आणि कान फाटकावर. फाटकाने काहीही कळवले नाही. आमचे फाटक कधीच मदत मागत नव्हते, महोदय. ते ड्यूटीवर होते. त्याला मी, आपल्या मार्गदर्शनाखाली, निवृत्त केले.

६. पुढे वडील जसे सापडले (म्हणजे या अर्जापुरते सापडले नाहीत) ते असे. दोन गल्ल्या पलीकडे एका घरात नळ गळत होता आणि त्या बाईंनी प्लंबरला बोलावले होते. त्यांनी दार उघडले तर समोर माझे वडील. त्या नंतर मला म्हणाल्या, "मला वाटलं, वय जरा जास्त आहे, पण अनुभवी असेल माणूस." वडिलांनी आत जाऊन नळ पाहिला आणि हात पुढे करून म्हणाले, "पाना द्या." त्यांनी तो दिला. वडिलांनी नळ खोलला, नळ दुरुस्त झाला, वाटेत स्वयंपाकघरातल्या कपाटाचे लोंबकळणारे दारही सरळ झाले. बाईंनी चहा केला. तेवढ्यात खरा प्लंबर आला. तो दारातच म्हणाला, "माझं काम कोणी केलं हो?" वडील त्याला म्हणाले, "उशीर झाला तुला. साहेबांना काय सांगणार आहेस?" तो प्लंबर पूर्वी आमच्याकडे येऊन गेलेला होता, त्याने ओळखले. मग स्कूटरवर मागे बसवून घरी आणले. वडील त्याची हत्यारांची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि चेहऱ्यावर दिवसभर काम करून आलेल्या माणसाचा थकवा होता. माझ्या वडिलांना मी कोण ते आठवत नाही. नळ आठवतो. याबद्दल माझी काही तक्रार नाही, मी नळाइतका उपयोगी कधीच पडलेलो नाही.

७. तोपर्यंत आई आणि मी वेगवेगळ्या दिशांना धावून परत आलो होतो. आईच्या एका पायात चप्पल नव्हती. तिने वडिलांना पाणी दिले. "आज लवकर सुटलात," म्हणाली. ते आत गेल्यावर पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "मी ऐकत होते रे."

एवढेच म्हणाली. खरे तर सांगायची वेळ तीच होती, आणि मीही तोंड उघडले होते. पण आई उठून फाटकाशी गेली, तिने ते उघडले, मिटले, परत उघडले. मग वळून विचारले, "तुला येतो ना रे आवाज?"

आणि मी म्हणालो, "हो. येतो की."

का म्हणालो, ते या अर्जात कुठल्या रकान्यात लिहावे, मला माहीत नाही. घाबरलो होतो. तिच्या पायात एकच चप्पल होती आणि हातात त्या गिऱ्हाइकाची पँट अजून तशीच होती. नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न 'का येत नाही' हा होता.

८. तेव्हापासून आईची खात्री आहे, की तिचे कान गेले. बाकी सगळे तिला ऐकू येते. शेजारच्या घरात चमचा पडला तरी विचारते, काय पडले म्हणून. फक्त फाटक ऐकू येत नाही. त्याचा तिने स्वतःच अर्थ लावला आहे, "जे ऐकायला पाहिजे नेमकं तेच ऐकू येईनासं झालंय." तिने शिवण बंद केले. आता ती दारात खुर्ची टाकून फाटकाकडे बघत बसते, दिवसभर. लोकांच्या पँटा घरात साचल्या असून अनेक गृहस्थ पँटशिवाय अडून बसले आहेत. मी तिला कानाच्या दवाखान्यात नेले. तिथल्या मुलीने तपासून सांगितले, "आजी, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत." आई म्हणाली, "मग मला फाटक कसं ऐकू आलं नाही?" आणि दोघी माझ्याकडे बघू लागल्या. महोदय, मी म्हणालो, "यांचं मशीन बिघडलेलं असेल." हे वाक्य माझ्या तोंडून निघाले, याला दवाखान्यातील भिंत साक्षीदार आहे. आता आईला मोठ्या दवाखान्यात जायचे आहे, जिथली मशीन बिघडत नाहीत.

९. चूक लक्षात येताच अर्जदाराने स्वखर्चाने व स्वकष्टाने पुढील उपाय केले, हे नम्रपणे नमूद करण्यात येते. बिजागऱ्यांवर मिठाचे पाणी रोज, आई दारात येऊन बसण्यापूर्वी, मारले. गंज येईना. गंजालाही म्हणे योग्य वेळ द्यावी लागते. मग बिजागऱ्या सोड्याने धुतल्या, वाळू घातली, बिब्ब्यासारखा काळा चिकटा झाला, आवाज शून्य. आई आंघोळीला गेलेली पाहून वेल्डिंगवाल्याला बोलावून म्हटले, फाटक वाजते करून द्या. तो म्हणाला, "लोक आवाज काढायला बोलवतात. घालायला बोलवलेलं पहिलंच गिऱ्हाईक," आणि सामान आवरून गेला. जाताना त्याने फाटक दोनदा उघडमीट केले व "काम मात्र झकास केलंय कुणीतरी" असे प्रशस्तिपत्र दिले. त्यानंतर फाटकाला घंटी बांधली. वडील बाहेर जाताना ती त्यांना सैल वाटली, म्हणून त्यांनी सोडवून नीट करण्यासाठी खिशात घातली. कुलूपही लावून पाहिले. त्या दिवशी वडील फाटकाचे गज धरून येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत राहिले, "अहो, जरा उघडा हो, कामावर खाडा होतोय." आईनेच कुलूप काढले. ती म्हणाली, "असं नाही ठेवायचं त्यांना." शेवटचा उपाय म्हणून अर्जदार स्वतः कुंपणाच्या मेंदीआड बसला आणि वडील फाटकाकडे आले, की तोंडाने करकर काढू लागला. कुरकुर आणि कर्रर्र जमले. झटका जमत नाही. आईने दारातून विचारले, "घसा बसलाय का रे? गुळण्या कर." वडिलांनी मात्र थांबून मेंदीत डोकावून पाहिले आणि म्हणाले, "तेल लागतंय तुम्हाला."

१०. शेजारच्या काकांबाबतही येथेच नोंद करतो. तेल दिल्याच्या दिवसापासून त्यांची दुपारची झोप सुधारली आहे आणि ते आईला भेटून माझे कौतुक करू इच्छितात. "असा मुलगा पाहिजे, न सांगता काम करणारा," असे ते मला दोनतीनदा म्हणाले. त्यांना आईपर्यंत पोचू न देणे हे सध्या माझे पूर्णवेळ काम आहे. म्हणजे नोकरीचा शोध एका अर्थी संपला आहे.

११. प्रकरण तातडीचे का आहे, ते आता लिहितो. इथपर्यंतचे सगळे हसण्यावारी नेता आले असते. आईने कानांची गोष्ट ताईला फोनवर सांगितली. ताई वाईट नाही, तिला लांबून काळजी करावी लागते, आणि लांबची काळजी निर्णय घेऊनच थांबते. ती म्हणाली, "कान गेलेल्या बाईच्या भरवशावर बाबांना ठेवायचं? उद्या हमरस्त्यावर गेले तर?" तिने एक संस्था पाहिली आहे. तिथे असे विसरणारे लोक ठेवतात. स्वच्छ आहे, बाग आहे, दारांना कुलपांऐवजी बटणे आहेत. येत्या रविवारी ती गाडी घेऊन येणार आहे. आईने विरोध केला नाही. एरवी ती ताईला चार वाक्ये ऐकवून गप्प करते. या वेळी तिने फक्त वडिलांचे शर्ट काढले आणि एकेकाची बटणे पक्की करत बसली. शिवण बंद केल्यानंतर तिने हातात घेतलेली ही पहिली सुई. तिला वाटते, दोष तिचा आहे. ज्याचा आहे, तो मेंदीत बसून करकरतो आहे.

ताईने मला विचारले, "तुला काय वाटतं? आईला ऐकू येत नाही हे खरं ना?" मी म्हणालो, "फाटक नाही येत ऐकू." शब्द न् शब्द खरा होता. इतके खरे मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो आणि स्वतःला इतका हलकटही कधी वाटलो नव्हतो.

१२. आपण म्हणाल, मग सांगून का टाकत नाही? हा प्रश्न रास्त आहे. मी रोज सकाळी सांगायचे ठरवतो. आई दारात बसलेली असते. मी समोर जातो. ती म्हणते, "बाजूला हो, फाटक दिसत नाही." मी बाजूला होतो. मी लहान असल्यापासून घरात काही फुटले तर आई कधी विचारत नसे, कोणी फोडले. नुसती झाडू आणायची आणि म्हणायची, "पाय जपून ठेव." रागावली असती तर मला सांगता आले असते, असे वाटते. ती या वेळीही रागावणार नाही. मग मी काय करू?

वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन अर्जदाराच्या पुढील मागण्या मान्य व्हाव्यात :

(अ) सदर फाटकाची करकर, झटक्यासह, रविवारपूर्वी पूर्ववत करून मिळावी. ते शक्य नसल्यास आपल्या कार्यालयाच्या मुख्य प्रवेशद्वाराचे जुने फाटक बदली म्हणून तात्पुरते मिळावे. चौकशीला आलो तेव्हा ते मी ऐकले आहे. आवाज आमच्यापेक्षा जाड आहे, पण आई समजून घेईल.

(ब) पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत, 'तेल देण्यापूर्वी घरातल्या माणसांना विचारावे' असे ठळक अक्षरांत छापावे.

(क) पुस्तिका फक्त सवय असलेल्या माणसांना वाटावी. अचानक उत्साह आलेल्या तरुणांच्या हाती देऊ नये.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, आणि त्या निमित्ताने आईसमोर जायचे टाळणारा,
अर्जदार
(सही. डाग तेलाचा आहे, क्षमस्व.)

दिनांक : रविवारच्या आधीचा शुक्रवार.

सोबत :
१. तेलाची रिकामी बाटली.
२. पुस्तिकेचे संबंधित पान, मूळ प्रत. घरात ठेवण्याची इच्छा नाही.
३. दवाखान्याचा अहवाल : दोन्ही कान उत्तम.

ता.क. : आत्ता पाकीट चिकटवताना आईने विचारले, कसला अर्ज. मी म्हणालो, नोकरीचा. ती म्हणाली, "लागेल रे. तू मनापासून करतोस हल्ली."

सबब, वरील अ, ब व क या मागण्या अर्जदार स्वखुशीने मागे घेत असून त्याऐवजी एकच विनंती करतो. आपल्या कार्यालयातील एखादा जबाबदार, वयाने पोक्त आणि शांत आवाजाचा कर्मचारी उद्या, म्हणजे शनिवारी, कार्यालयीन वेळेत आमच्या घरी पाठवावा. त्याने आईच्या खुर्चीशेजारी बसावे आणि तिला कार्यालयाच्या वतीने कळवावे, की तिचे दोन्ही कान चालू स्थितीत आहेत, फाटकाला तेल घालण्यात आले होते, ते कोणी घातले, आणि त्याने तिला 'आवाज येतो' असे खोटे सांगितले. सदर कर्मचाऱ्याने तिचे जे काही म्हणणे असेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे व त्याची एक साक्षांकित प्रत गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या मागे, अर्जदारास समक्ष पोचती करावी, ही विनंती.